थोरलीचं टोपण

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण थोरलीने लहानपणापासून ऐकली होती. पण ती कुणासाठी बनवली आहे हे तिला धाकटी घरात आल्यावर कळलं. धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. बोलायला मऊ, हसायला पटकन तयार, आणि चिडायचं कसं हे तिला जन्मात कुणी शिकवलेलंच नव्हतं. थोरलीची मुख्य तक्रार हीच होती. एखादी भांडखोर जाऊ मिळाली असती तर दोघींनी एकदा कडाकडा भांडून घेतलं असतं आणि मोकळ्या झाल्या असत्या. या बाईशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्के मारायचे.

घर तीन खोल्यांचं, एकीमागे एक. मागच्या दोन खोल्यांत माणसं राहत आणि पुढच्या खोलीत लेथ राहत असे. राहत असे असंच म्हणायला हवं, कारण घरातल्या कुठल्याही माणसापेक्षा त्याचा मान मोठा होता. त्याच्या अंगावर पावसाळ्यात चादर पडे, त्याला वेळेवर तेल मिळे, आणि तो बिघडला तर घरात आजारपण आल्यासारखे सगळे हळू बोलत. या लेथवर पितळेची पेनं व्हायची. बोटभर जाडीची पितळेची कांब चकच्या जबड्यात आवळायची, ती गरागरा फिरली की तिला हत्यार लावायचं, आतून पोखरायचं, बाहेरून तासायचं, आणि त्यातून एक गुळगुळीत, हातात वजन जाणवणारं शाईचं पेन काढायचं. पितळेचा कीस बारीक सुयांसारखा उडे. तो केसांत सापडे, अंथरुणात सापडे, आणि कधीमधी कुणाच्या ताटातही सापडे. मग ज्याच्या ताटात निघाला तो इतरांना तो दाखवी आणि जेवण पुढे चालू होई.

लेथ सासऱ्यांचा. त्यांना दोघी मामंजी म्हणत. त्यांच्या दोन्ही मुलांना या धंद्यात काडीचा रस नव्हता. थोरल्याला तर लेथचा आवाज ऐकला की झोपच यायची. तो पाळण्यात असताना त्याला लेथशेजारी ठेवत, त्याचा परिणाम, असं मामंजी म्हणायचे. दोघं भाऊ बाहेर नोकऱ्या करत. त्यामुळे थोरली लग्न होऊन आली आणि दारात उभी राहून लेथकडे टक लावून पाहायला लागली, तेव्हा मामंजींनी एवढंच विचारलं की भीती वाटते का. ती नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी केस घट्ट बांधून, बाह्या वर सारून ती लेथपुढे उभी राहिली, आणि त्यानंतर त्या जागेवर तिच्याशिवाय दुसरं कुणी शोभेनासं झालं.

हात तर तिचा असा होता की विचारू नका. मापाची पट्टी ती घ्यायची, पण घ्यायची म्हणून. खरं माप तिच्या अंगठ्यात होतं आणि कानात होतं. हत्यार पितळेला लागल्यावर आवाज जरासा कोरडा झाला की तिला कळे, आता थांबायचं. तिचा सगळा जीव टोपणात असे. या घरची टोपणं आट्यांची नव्हती, नुसती दाबून बसणारी होती, त्यामुळे सगळी मदार मापावर. आधी टोपण पोखरायचं, मग त्या टोपणाच्या मापाने पेनाचा गळा तासायचा, म्हणजे टोपण जिथे बसतं तो भाग. गळा जरा जाड राहिला तर टोपण बसत नाही, जरा बारीक झाला तर खुळखुळतं. थोरलीचं टोपण कधीच खुळखुळलं नाही.

आता या घराची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. दुकानाला पाटी नव्हती. गिऱ्हाईक आलं की मामंजी आपल्या शर्टाच्या खिशातलं पेन काढून मुकाट्याने त्याच्या हातात देत. भाव नाही, तारीफ नाही. खिशातलं पेन हीच पाटी. ते पेन झिजलं, टोपण ढिलं पडलं की नवं केलं जाई, आणि जे नवं खिशात जाई ते घरातलं सगळ्यात चांगलं पेन, असं सगळे धरून चालत. थोरली लेथवर उभी राहिल्यापासून ते पेन तिचंच असे. लोक आपल्या घरावर नाव कोरतात. थोरलीने ते मामंजींच्या खिशात कोरलं होतं.

धाकटी आली ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. निब लावण्याचं काम तिथलं. पूर्वी ते मामंजी करत, पण त्यांची नजर कमी झाली. धाकटी डोळ्याला भिंग लावून बसे, निबच्या दोन पाकळ्या नखाने सारख्या करी, बारीक पॉलिश-पेपरवर घासे, शाईत बुडवी आणि वेलांट्या काढत राही. तिने लावलेली निब कागदावरून अशी धावे की लिहिणाऱ्याला आपलंच अक्षर सुधारल्याचा भास होई.

आणि इथेच माशी शिंकली. गिऱ्हाईक पेन हातात घेई, दोन ओळी लिही, मान वर करी आणि म्हणे, वा, काय लिहितंय. मग ते खिडकीकडे बघे. धाकटी लाजून हसे. लेथपुढे जी बाई उभी होती, जिने कांबेतून ते पेन बाहेर काढलं होतं, तिच्याकडे कुणी बघत नसे. बघितलंच तर म्हणत, पेन जरा जड आहे नाही? थोरली तेव्हा लेथ पुसायला घेई. तो लेथ त्या काळात जितका लखलखीत होता तितका आधी कधी नव्हता आणि नंतर कधी राहिला नाही.

रात्री नवऱ्यापाशी तिने एकदा विषय काढला. म्हणाली, लोकांना पेन म्हणजे नुसती निबच वाटते का? नवरा ऑफिसातून दमून आला होता. तो म्हणाला, का, छान लिहितात की हल्ली आपली पेनं. त्यानंतर चार दिवस त्याच्या डब्यातल्या भाजीला मीठ कमी पडत होतं, आणि का ते त्याला कळलं नाही.

इथवर सगळं पोटातल्या पोटात होतं. पुढे मामंजींनी फर्मान काढलं की धाकटीलाही लेथवर उभं कर. एकाच माणसावर सगळं अवलंबून असू नये, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं, म्हणून तर ते थोरलीला झोंबलं. पण नाही म्हणायची सोय नव्हती. तिने धाकटीला शिकवलं. चुकीचं शिकवणं तिच्या हाताला जमण्यासारखं नव्हतं, त्यामुळे जे शिकवलं ते अगदी बरोबर शिकवलं. हत्यार कसं धरायचं, किती दाबायचं, बोटं कुठे ठेवायची नाहीत, सगळं. फक्त एक गोष्ट ती बोलली नाही. पितळ तासताना तापतं आणि तापलं की जरासं फुगतं. त्यामुळे गळ्याचं शेवटचं माप कांब गार झाल्यावर घ्यायचं असतं. गरम असताना टोपण फिट्ट बसवलं तर गार झाल्यावर गळा आकसतो आणि टोपण सैल होतं. हे मामंजींनी थोरलीला सांगितलं होतं, आणि धाकटीला ते थोरली सांगेल असं त्यांनी गृहीत धरलं होतं. थोरलीने स्वतःला समजावलं की सांगू कधीतरी, एवढी काय घाई आहे. मनातल्या मनात मात्र तिने ते गाठीला बांधून ठेवलं.

धाकटीची टोपणं सैल बसू लागली. दुपारी फिट्ट वाटायची, संध्याकाळी ढिली. ती बिचारी पेन हातात घेऊन बघत बसे आणि म्हणे, माझ्याच हाताला काहीतरी शाप आहे. थोरली म्हणे, अगं, वर्षं जावी लागतात. हे म्हणताना तिला जे सुख होई ते लपवण्यासाठी तिला पाठमोरं व्हावं लागे.

आणि अशात मामंजींच्या खिशातलं पेन झिजलं.

ते सकाळी चहा पिताना बोलले. त्यांचे जुने मित्र घड्याळवाले, त्यांच्या नातीचं लग्न नोंदवायचं होतं आणि मामंजींना साक्षीदार म्हणून सही करायची होती. तिथे नव्या पेनाने सही करीन, असं ते म्हणाले. थोरलीने मनात कांब निवडूनही ठेवली होती, तोवर मामंजी खिडकीकडे वळून म्हणाले, "या वेळी धाकटीने करावं."

थोरलीच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. बाकी तिने काही दाखवलं नाही. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. निब हिची, गिऱ्हाईक हिचं, आणि आता मामंजींचा खिसासुद्धा हिचाच? आणि तोही हिच्या त्या खुळखुळ्या टोपणासकट? मामंजींना टोपणातला फरक कळत नाही असं तर नव्हतं. फरक तर त्यांनीच तिला शिकवला होता. म्हणजे कळून सवरून केलं. या एका विचाराने ती दिवसभर जळत राहिली. धाकटीने येऊन विचारलं, ताई, मी करू ना, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? मला कशाला वाटेल, असं थोरली इतक्या गोड आवाजात म्हणाली की धाकटीच्या जागी शहाणी बाई असती तर तिला धडकीच भरली असती.

दुपारी धाकटी आपल्या मुलीला शाळेतून आणायला जाई आणि मामंजी मागच्या खोलीत आडवे होत. तेवढा वेळ थोरलीने आपला केला. धाकटी जसं पेन करत होती अगदी तशाच घाटाचं, त्याच लांबीचं पेन ती करू लागली. बाहेरून बघणाऱ्याला जुळं वाटावं. फरक होता तो गळ्यात. गळ्यावर तिने असं काम केलं की तसं पूर्वी कधी केलं नव्हतं. प्रत्येक वेळी कांब पूर्ण गार होऊ दिली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि मग केसाच्या जाडीएवढं पितळ काढलं. शेवटच्या दिवशी तिने टोपण लावलं आणि ओढलं. पक्! बाटलीचं बूच उडावं तसा स्वच्छ, गोल आवाज. टोपणाच्या आत हवेलासुद्धा जागा उरलेली नव्हती. तिने पुन्हा लावलं, पुन्हा ओढलं. पक्! लेथपुढे एकटीच उभी राहून ती हसली.

पेन तिने फडकं आणि पॉलिशने हातानेच चमकवलं. एरवी पॉलिश झालेली टोपणं तारेत ओवून रॉकेलच्या डब्यात बुचकळत आणि मग खिडकीतल्या खिळ्याला टांगत. त्यासाठी प्रत्येक टोपणाला क्लिपखाली मोहरीएवढं एक भोक असे. ते भोक मामंजी स्वतः क्लिप लावताना पाडत. या घरात आल्यावर थोरलीचं पहिलं काम टोपणं तारेत ओवण्याचं होतं, तेव्हापासून तिला ठाऊक होतं की भोक तारेसाठी असतं. या टोपणाला तार लागणार नव्हती. मग अशा देखण्या अंगाला उगीच भोक कशाला? क्लिप तिने आपल्या हाताने बसवली आणि टोपण कोरं ठेवलं.

निब धाकटीच्याच टेबलावरच्या थाळीतून उचलली. त्याबद्दल तिला थोडं कसंसं झालं, पण फार नाही. शाई भरून एक रेघ ओढून बघितली आणि टोपण लावलं. इतकी वर्षं पेनं करूनही भरल्या शाईचं पेन तिने वापरलेलं नव्हतं. शाई हा खिडकीचा प्रांत होता. तिच्या हातून पेनं जात ती कोरडी.

लग्नाच्या नोंदणीच्या सकाळी धाकटीने आपलं पेन मामंजींच्या खिशात लावलं आणि ती तयार व्हायला आत गेली. मामंजींच्या शर्टाचं वरचं बटण लावायच्या निमित्ताने थोरली पुढे झाली. बटण लागलं, आणि पेनही बदललं. धाकटीचं पेन थोरलीच्या खणात गेलं. मामंजी खिडकीबाहेर बघत होते.

नोंदणी कार्यालयाच्या खोलीत माणसं दाटीवाटीने उभी होती. भिंतीला लागून बाक, छताला डगमगणारा पंखा, आणि टेबलामागे एक कारकून बाई, जिने सकाळपासून इतकी लग्नं लावली होती की आता तिला कुणाच्याच आनंदाचं काही वाटत नव्हतं. नवरा-नवरीच्या सह्या झाल्या. मग मामंजी टेबलापाशी गेले. दोघी सुना त्यांच्या मागे उभ्या होत्या. मामंजींनी खिशातून पेन काढलं आणि टोपण ओढलं. ते निघालं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. मग डाव्या हातात पेन आवळून, दात ओठावर दाबून त्यांनी टोपणाला जोरात हिसका दिला.

पक्!

सगळी खोली वळली. घड्याळवाले जन्मभर बारीक वस्तू एकमेकींत बसवत आलेले, त्यांचे तर डोळेच चमकले. "अरे वा!" ते म्हणाले. "असं बसलेलं टोपण मी कधी पाहिलं नाही. कुणी केलं हे?"

थोरलीचा ऊर असा भरून आला की तिला श्वास पुरेना. त्या एका वाक्यासाठी ती कितीतरी वर्षं लेथपुढे उभी होती. आणि त्याच क्षणी तिने पाहिलं की मामंजींच्या बोटांवरून निळी धार ओघळते आहे. टोपणाने निघता निघता निबमधली शाई खेचून बाहेर आणली होती. नोंदवहीच्या पानावर एक टपोरा डाग पडला, दुसरा त्याच्या शेजारी, आणि बाकीची शाई मामंजींच्या पांढऱ्या शर्टावर. नवरी दोन पावलं मागे सरकली. कारकून बाईने पेन या वस्तूबद्दल आणि म्हाताऱ्या माणसांबद्दल तिला काय वाटतं ते सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात धाकटी पुढे झाली. तिने आपल्या रुमालाने मामंजींचा हात धरला, पुसला, आणि खालच्या मानेने म्हणाली, "पेन मी केलंय. चूक माझी आहे."

झालं. खोलीचा सूरच बदलला. कारकून बाई बोलता बोलता थांबली आणि असू दे म्हणाली, कोरं पान काढते. नवरीची आई म्हणाली, किती गुणाची मुलगी, हल्ली कोण कबूल करतं असं. घड्याळवाल्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, शाई गळली तर गळली, पण टोपण काय बसवलंयस पोरी, वा.

थोरली उभी होती तिथेच उभी होती. विचार केला तर तिच्याइतकं सुरक्षित त्या खोलीत कुणीच नव्हतं. पेन बदललेलं कुणाला माहीत नव्हतं आणि कळण्याचं कारणही नव्हतं. दोष परस्पर धाकटीच्या गळ्यात पडला होता, तोही तिने आपल्या हाताने घालून घेतला होता. गप्प बसलं की झालं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गप्प बसणार कोण? घड्याळवाल्यांचा तो हात, ती पाठ, ते वा! माझं टोपण, माझा आवाज, आणि शाबासकी हिला. एवढंच असतं तरी तिने गिळलं असतं. पण हिने तर चूकसुद्धा घेतली, आणि चुकीच्या जिवावर वर आणखी कौतुक मिळवलं. माझी म्हणून एक चूक होती, तीही हिच्या नावावर?

"तिचं नाही ते," थोरली म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "ते माझं पेन आहे. टोपण मी केलंय. तिला असं टोपण जमतच नाही."

खोली पुन्हा वळली. धाकटी गोंधळून तिच्याकडे बघत राहिली. "मग माझं पेन कुठंय, ताई?" तिने विचारलं.

"माझ्या खणात," थोरली म्हणाली. आणि आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. खरं बोलणारा माणूस नेहमी सद्गुणापोटीच बोलतो असं नाही. थोरली त्या दिवशी निव्वळ मत्सरापोटी खरं बोलली, आणि सगळ्यांच्या देखत स्वतःचं हसं करून बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

 मामंजींनी कारकून बाईचं पेन मागून घेऊन कोऱ्या पानावर सही केली. सही जरा वेडीवाकडी आली.

घरी आल्यावर मामंजी शर्ट न बदलताच पुढच्या खोलीत बसले आणि थोरलीला समोर बसवलं. टोपण हातात घेऊन त्यांनी क्लिपखाली अंगठा फिरवला आणि भोक कुठंय असं विचारलं.

तारेत ओवायचं नव्हतं म्हणून पाडलं नाही, असं तिने सांगितलं. मामंजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हलकेच कंप सुटला आणि ते हसताहेत हे तिच्या लक्षात आलं. भोक हवेसाठी असतं, ते म्हणाले. टोपण ओढताना बाहेरची हवा आत गेली नाही तर ते निबमधली शाईच ओढतं. तार तर आयतं भोक आहे म्हणून मी ओवत आलो. तुला सांगायचं राहिलंच. तुझा हात इतका लवकर बसला की तुला सगळं माहीतच आहे असं मी समजत गेलो. ते असं म्हणाले आणि त्यांनी शर्टावरच्या डागाकडे पाहिलं.

थोरलीला वाटलं, आता तरी विचारावं. एवी तेवी अब्रू गेलीच होती.

"मामंजी, पेन तिला का सांगितलंत? मी काय वाईट करते?"

 मामंजींनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं जरा वाकडी झाली होती आणि अंगठा आपला आपण हलत होता. थोरली त्या हाताकडे बघत राहिली. रोज चहाचा कप ती याच हातात देत होती.

"तुझं टोपण मला आता निघत नाही गं," ते म्हणाले. "गिऱ्हाईकापुढे दोन दोनदा ओढावं लागतं. हिचं सैल असतं, दोन बोटांनी येतं."

"मला सांगायचं ना. मी सैल केलं असतं."

"लेथवाल्याने आपली बोटं गेली हे कुणाला सांगायचं?" मामंजी म्हणाले. "तेही ज्याला हातातलं कसब दिलं त्यालाच?"

ते उठून शर्ट बदलायला आत गेले. थोरली तिथेच बसून राहिली. तिला आपली लाज वाटली, आणि वाईटही वाटलं. आणि हे लपवण्यात अर्थ नाही, पण त्या सगळ्याच्या खाली कुठेतरी तिला एक गारवाही वाटला. मामंजींना धाकटीचं पेन आवडलं म्हणून नव्हे, तर घट्ट टोपण निघत नाही म्हणून हवं होतं. मनात असंही असतं, त्याला काय करणार.

संध्याकाळी ती खिडकीपाशी गेली. धाकटी निब घासत होती. तिने रागवावं, निदान रुसावं, अशी थोरलीची अपेक्षा होती, पण तिने फक्त बसायला स्टूल सरकवलं. थोरली बसली नाही. मामंजींसाठी आपल्याच टोपणाला भोक पाडायचं आणि त्याला जोडीचं नवं पेन करायचं, असं तिने ठरवलं होतं. गळा सैल हवा होता. पण मुद्दाम सैल करायला घेतलं की तिचा हात मापाशी येऊन आपोआप थांबे. तसं तिने दुपारी करून पाहिलं होतं. जन्मभर ज्या खुळखुळाटाला नावं ठेवली तो आता मुद्दाम आणायचा म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं.

"तू गळा किती सैल ठेवतेस?" तिने विचारलं. प्रश्न घशातून काढताना तिला जे कष्ट पडले ते मामंजींना टोपण काढतानाही पडले नसतील.

धाकटीचा चेहरा एकदम उतरला. निब खाली ठेवून ती म्हणाली, "ताई, मी सैल ठेवतच नाही. दर वेळी मी तुमच्यासारखं घट्टच करायला जाते. तो तुमचा पक् आवाज एकदा तरी यावा म्हणून कितीदा केलं. तुम्ही बाजारात गेलात की मी तुमची टोपणं उघडून उघडून बघते. मला इतका राग येतो तुमचा, काय सांगू. माझं करताना फिट्ट असतं आणि संध्याकाळी बघते तर ढिलं. काय चुकतं तेच कळत नाही."

इतका राग येतो तुमचा! थोरलीने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा ऐकलं. या उशीच्या पोटात कापूस नव्हता तर. इतके दिवस ही बाईसुद्धा जळत होती, आणि ज्यावर थोरली जीव टाकत होती नेमकी त्याच गोष्टीवर जळत होती. लोकांनी दिलेल्या सगळ्या शाबासक्या गोळा केल्या असत्या तरी त्या एका वाक्याएवढ्या झाल्या नसत्या. आणि ते सैल टोपण कुठून आलं, मामंजींच्या बोटांना जमणारं ते एकमेव टोपण कसं तयार झालं, हे त्या खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं. पोटात दडवून ठेवलेली ती गाठ तिला आता टोचायला लागली.

"चल, ऊठ," ती म्हणाली. "मामंजींचं पेन तूच कर. टोपण माझं ठेवू."

धाकटी लेथपुढे उभी राहिली. थोरलीने चकमध्ये कांब आवळली, टोपणाला क्लिपखाली मोहरीएवढं भोक पाडलं आणि ते धाकटीच्या हातात दिलं. पितळ तापलं, गळा आकाराला आला. धाकटीने टोपण लावून पाहिलं. फिट्ट बसलं. ती खुशीत मागे वळली.

"बसलं ना?" थोरली म्हणाली. "आता हात लावू नकोस. गार होऊ दे."

गार झाल्यावर टोपण दोन बोटांनी अलगद निघालं. धाकटीचं तोंड पुन्हा पडलं.

"बघितलंस? गरम पितळ फुगतं," थोरली लेथकडे बघत म्हणाली. "शेवटचा हात गार झाल्यावर मारायचा असतो. हे तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

 लेथ बंद होता, आणि धाकटीने एकदा थोरलीकडे अशा नजरेने पाहिलं की आता भांडण होणार असं थोरलीला वाटलं. तिला जरा बरंच वाटलं. पण धाकटीने नुसतं टोपण पुन्हा बसवलं आणि काढलं.

"म्हणजे उद्यापासून मलाही पक् जमेल," ती म्हणाली.

"जमेल," थोरली म्हणाली, आणि ते म्हणताना तिच्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. "पण मामंजींचं मात्र नेहमी गरमच कर."